घोटाई

'घोटणे' या क्रियापदाचा संसार मराठीत फार मोठा आहे. भांग घोटतात, दाढी घोटतात, पाढे घोटून घेतात, पाटीवरचे अक्षर घोटतात, भिंतीचा गिलावा घोटतात. जुन्या पोथ्यांचा हातकागद शाई फुटू नये म्हणून खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला जाई. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे मुळात कापडाची चकती. तिला चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, मग दगडाने घोटाई, मग चित्र आणि अखेरीस लाखेचा हात. समीक्षकांनीही हा शब्द उचलला आणि 'घोटीव शैली' असे इतक्या वेळा लिहिले की तो शब्द स्वतःच गुळगुळीत होऊन बसला. घोटताना प्रत्यक्षात काय घडते हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिले असेल. ते कळायला घोटणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते.

बंगळूरच्या शिवाजीनगरात असा एक मनुष्य आहे. हा भाग जुन्या छावणीतला. पूर्वी त्याला ब्लॅकपल्ली म्हणत. 1949 साली छावणी आणि शहर एका नगरपालिकेखाली आले. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, मशिदी, आणि मोटारींचे जुने सुटे भाग विकणारी दुकाने यांच्या गर्दीत इथे कानडी, तमिळ आणि दख्खनी उर्दू एकाच वाक्यात नांदतात. मराठी घराच्या उंबऱ्याआत राहते. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर 1638 नंतर आली, एवढा धागा सांगून या वस्तीचे नाते थेट त्या काळाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची गरज नाही. या गृहस्थांचे घराणे भावसारांचे, म्हणजे परंपरेने रंगाऱ्यांचे. पोटासाठी जिथे रंग लागला तिथे ते गेले, इतके पुरे आहे.

त्यांनी स्वतः चाळीस वर्षे गॅरेजमध्ये मोटारी रंगवल्या. आता सत्तरी ओलांडल्यावर खोलीच्या खिडकीपाशी पाट मांडून ते मोटारींच्या लहान प्रतिकृती रंगवतात. पाटावर पाण्याची वाटी, साबणाचा एक थेंब, बोटाएवढ्या कापलेल्या वॉटर पेपरच्या पट्ट्या आणि जुन्या धोतराचे तुकडे असतात. यंत्र नाही. फिरत्या चकतीने प्लॅस्टिक तापते, मऊ पडते आणि क्षणात रंग ओढला जातो, हे त्यांनी एकदाच अनुभवले आणि पुन्हा यंत्राला हात लावला नाही.

बंगळूरहून साठेक किलोमीटरवर चन्नपट्टणला लाखेची खेळणी होतात. तेथल्या कारागिराचे काम पाहणाऱ्याला घोटाई हा खेळ वाटावा. काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर फिरते, रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने दाबून पुसले की आरसा होतो. परंतु चरकावर फक्त गोल वस्तू फिरते. बसला कोपरे असतात. आणि रंगाऱ्याचा खरा शत्रू कोपराच होय. ओला रंग आपल्याच ताणाने कडेपासून मागे सरकतो, म्हणून कडेवर त्याचा थर सर्वांत पातळ राहतो. बोट मात्र नेमके तिथेच जास्त दाबले जाते.

घोटाई म्हणजे ओरखडे घालवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. घोटणारा ओरखडे घालवत नाही, मोठ्यांच्या जागी लहान पाडत जातो. दीड हजार नंबरच्या कागदाचे ओरखडे दोन हजाराने खोडायचे, दोन हजाराचे अडीच हजाराने, मग कंपाउंड, मग नुसते फडके. प्रत्येक वेळी हाताची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीची रेघ उरली असेल तर ती आडवी येऊन चुगली करते. दोन हजारी कागदाचा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. ओरखडा प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक झाला, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेला, की डोळ्यांना तो दिसत नाही. त्या न दिसण्याला आपण झिलई म्हणतो.

पाण्याशिवाय हे होत नाही. पाण्यात वापरायचा कागद 1921 साली अमेरिकेत मिनेसोटाच्या एका कंपनीने बाजारात आणला. मोटारीचा रंग कोरडा घासताना उडणारी धूळ रंगाऱ्यांच्या छातीत जाई, हे त्यामागचे एक कारण होते. शिवाजीनगरच्या या खोलीत पाण्याचे आणखी एक काम आहे. ते बातमी देते. रंगावर चढवलेला पारदर्शक थर, ज्याला गॅरेजात नुसते 'क्लिअर' म्हणतात, घासला गेला की पाणी दुधासारखे होते. ते दूध आहे तोवर चिंता नसते. त्यात खालच्या रंगाची छटा उतरली की थर संपला असे समजायचे.

सध्या पाटावर आहे ती लाल दुमजली बस. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरात अशा बसगाड्या धावत. 1997 साली शहराची बससेवा बीएमटीसी या स्वतंत्र महामंडळाकडे गेली, आणि लोकांच्या तोंडी असलेले बीटीएस हे नाव हळूहळू मागे पडले. प्रतिकृती मूळ बसच्या चोविसाव्या हिश्शाची आहे. या प्रमाणाचा धाक पाहणाऱ्याला जाणवत नाही. क्लिअरचे आठ हात मिळून जाडी होते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण प्रमाणाने गुणले तर खऱ्या बसवर तो जवळपास अडीच मिलिमीटरचा लेप होईल. अशी बस रस्त्यावर कोणी पाहिलेली नाही. म्हणून थर घासून उतरवावाच लागतो, आणि उतरवायला मुळात हाती फार काही नसते.

खऱ्या बसला इतकी चकाकी कधी होती काय, असा आक्षेप घेता येतो आणि तो वाजवी आहे. बस म्हटली की धूळ, पानाच्या पिचकाऱ्या आणि दारापाशी हातांनी झिजलेला रंग. काही प्रतिकृतीकार हा मळही मुद्दाम रंगवतात आणि त्यात मोठे कौशल्य असते. या गृहस्थांना ते मान्य नाही. रंगाऱ्याने गाडी पहिल्या दिवशीची द्यावी, पुढचे रस्ता पाहील, असे त्यांचे मत आहे. त्यांच्या धंद्याचा तो अभिमान म्हणावा लागेल.

बसच्या कपाळावर काळी पाटी आहे आणि तीवर पांढऱ्या रंगात कानडी अक्षरे: शिवाजीनगर. ती त्यांच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, काढली. अण्णा पाट्या रंगवीत. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचे काम गेले, तरी हात गेला नव्हता. हरभऱ्याच्या दाण्याएवढी अक्षरे त्यांनी तीन केसांच्या कुंचल्याने एका बैठकीत ओढली. कानडी अक्षराच्या डोक्यावर जो तलेकट्टू असतो, तिथे कुंचला टेकतो आणि उचलताना रंगाचा बारीक उंचवटा मागे ठेवतो. बोटाला लागेल न लागेल इतका. त्यानंतर महिनाभरात अण्णा गेले. अकरा महिने बस तशीच कपाटावर होती. आता वर्षश्राद्धाला ती फोटोशेजारी ठेवायची असे घरात ठरले आणि तिला खाली काढण्यात आली.

अडचण ही की, क्लिअर चढवले तरी त्या उंचवट्यांवर ते सर्वांत पातळ बसते. भोवतालची पाटी सपाट करायची तर कागद आधी अक्षरांच्या माथ्यावरच चालणार. आणि इथे पाण्याची बातमीही निरुपयोगी ठरते, कारण अक्षरे पांढरी आणि क्लिअरचे दूधही पांढरे. बसचे लाल अंग घासताना चूक झाली तर पाणी तांबूस होऊन सावध करते, आणि लाल रंग पुन्हा मारता येतो. इथे अक्षर गेल्याचे ते गेल्यावरच कळणार, आणि पुन्हा काढायला तो हात नाही.

त्यांनी पाटी शेवटाला ठेवली. आधी छत, मग दोन्ही बाजू. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बसच्या अंगावर तिरपे पाडून ते पाहतात. त्याची कड सरळ दिसली तर पृष्ठ सपाट, संत्र्याच्या सालीसारखी थरथरली तर अजून काम बाकी. आठ दिवसांत बसची एक बाजू अशी झाली की खिडकीचे गज तीत मोजता यावेत. मग पाटी. कागद खोडरबराच्या अरुंद तुकड्याला गुंडाळला, अक्षरांच्या मधल्या काळ्या जागेत दोन-दोन घास, लगेच पुसणे, पुन्हा ट्यूबलाइट. 'शि'पासून 'न'पर्यंत दोन संध्याकाळी गेल्या.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी अण्णांचा मुलगा आला. त्याने बस हातात घेतली, उजेडात फिरवली आणि पाटीच्या उजव्या टोकाला बोट दाखवले. शेवटच्या दोन अक्षरांभोवती थर अजून खडबडीत होता, उजेड तिथे फुटत होता.

"काका, इथं जरा राहिलंय."

"माहीत आहे."

"मी घासू का? हलकं घासतो."

"नको. तिथं अण्णाचा हात वर आलाय."

मुलाने अक्षरावरून अंगठा फिरवला आणि बस पाटावर ठेवली. काकांनी वाटीतले पाणी बदलले, नवी पट्टी भिजत घातली आणि बसची मागची बाजू पुढे घेतली.