गाठीची भूक

खालाजानचं हिमोग्लोबिन 7 आलं आणि शेक सुरू करण्याआधी दोन पिशव्या रक्त चढवावं लागेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा आम्ही भावंडं अडून बसलो. रक्त दिलं तर गाठीलाच खुराक मिळणार, असा आमचा हिशेब. खालाजाननी तर महिनाभरापासून दूध-गोश्त सोडलं होतं. गाठ उपाशी ठेवा, आपोआप सुकेल, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं, पण सात-आठ महिने त्या कुणाला बोलल्या नाहीत. घरात जावई, नातू. हयेच्या नावाखाली आपल्या घरांतून असं किती दडवलं जातं! हे इथे लिहितानाही हात अडखळतो, तरी लिहितो.

आम्ही भाषा शिकवणारी माणसं. बाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. रक्तवाहिनीपासून एक-दोन केसांच्या जाडीइतकी पेशी दूर गेली की तिला ऑक्सिजन पुरत नाही. मग तिच्यात एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि व्हीईजीएफ हा निरोप्या बाहेर पडतो. शेजारच्या रक्तवाहिन्यांना गाठीच्या दिशेने फांद्या फुटतात. म्हणजे उपाशी गाठ सुकत नाही, हाका मारते. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. पेशी ऑक्सिजनची कमी कशी ओळखतात, या शोधाला 2019चं नोबेल मिळालं.

पण घाईत फुटलेल्या या फांद्या वेड्यावाकड्या, गळक्या. रक्त कधी वाहतं, कधी थांबतं. ऑक्सिजन मिनिटामिनिटाला, तासातासाला वर-खाली होतो. आम्हाला गल्लीतला नळ आठवला. पाण्याची वेळ नक्की नसली की जो तो मोटार बसवतो, टाक्या वाढवतो. गाठीतही तसंच. ऑक्सिजन परतला की एचआयएफ उतरायला हवं, पण त्या झटक्यात निघणारे घातक रेणू ते टिकवून धरतात. सलग टंचाईपेक्षा अशा चढउताराने निरोप जास्त जातात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आणि शेकाचं काय? किरणांनी पेशीला केलेली जखम पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर तेवढ्याच परिणामाला अडीच-तीन पट मात्रा लागते. "रक्त गाठीसाठी नाही, किरणांसाठी देतेय," बाई म्हणाल्या. आमच्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्याने गुपचूप सही केली.

आता अल्हमदुलिल्लाह, अर्धे शेक झालेत. पुढचं अल्लाहच्या हाती. खालाजान अंडं खातात, कुरकुरत का होईना.

पहिली पिशवी लावली त्या दुपारी त्या बराच वेळ थेंबांकडे बघत होत्या. मग विचारलं, "कुणाचं आहे हे?" पिशवीवर फक्त नंबर होता.

"मग दुआ कुणाच्या नावाने मागू?"