तिथीची उलटतपासणी

शाश्वत सेवेची पावती हा आमच्या दृष्टीने देवालयातील सर्वांत गंभीर कागद होय. कोणा कुळाव्याने आईच्या स्मरणार्थ वैशाख शुद्ध षष्ठीचा अभिषेक कायमचा लावलेला असतो. रक्कम भरून तो मुंबईस अथवा हैदराबादेस परत जातो, कालांतराने स्वतःही देवाघरी जातो. आणि तरीही त्या तिथीस देवावर अभिषेक व्हावा असा शब्द महाजनांनी दिलेला असतो. तो पाळला गेला नाही तर दाद मागण्यास बहुधा कोणी उरलेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द भटजींची स्मरणशक्ती आणि कारकुनाची वही या दोहोंनी सांभाळला.

आता वहीच्या जागी संगणकाची आज्ञावली येऊ लागली आहे. तिथीवरून ती इंग्रजी तारीख काढते, कुळाव्यास संदेश पाठविते आणि त्या दिवसाच्या सेवांची यादी गाभाऱ्यापर्यंत पोचविते. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात अशी आज्ञावली आली, तेव्हा करारनामा पाहण्यासाठी समितीने आम्हांस बोलाविले. काम तेवढेच होते. पण समोर साक्षीदार दिसला की वकिलास प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

आज्ञावली करणारा तरुण हुशार आणि नम्र होता. कृत्रिम बुद्धीच्या साधनाकडून आपण शेकडो चाचण्या एका दुपारी लिहून घेतल्या, आणि सर्व हिरव्या आल्या, असे त्याने पडद्यावर दाखविले. या चाचण्या म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. चाचणी ही स्वतःच एक छोटी आज्ञावली असते. मोठ्या आज्ञावलीस ती एक प्रश्न घालते आणि आलेले उत्तर आपल्याजवळच्या अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. जुळले तर हिरवा रंग, न जुळले तर लाल. माणसाप्रमाणे पडद्यावरची बटणे दाबून पाहणारे ‘सेलेनियम’सारखे साधन २००४ सालापासून आहे. चाचणी चालविण्याचे श्रम तेव्हाच कमी झाले. ती लिहिण्याचे श्रम मात्र परवापरवापर्यंत माणसाकडेच होते. ते आता यंत्र करू लागले.

आम्ही विचारले, “अपेक्षित उत्तर कोठून आले?” तो म्हणाला, “साधनाने आमची आज्ञावली वाचली आणि ती जे उत्तर देते ते टिपून घेतले.”

आमच्या धंद्यात यास सूचक प्रश्न म्हणतात. ‘तुम्ही त्या रात्री घरीच होता ना?’ असे आपल्याच साक्षीदारास विचारून होकार मिळविण्यात काही पुरुषार्थ नाही. प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून सरतपासणीत असा प्रश्न विचारता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. आज्ञावली पाहून लिहिलेली चाचणी आज्ञावलीस तिचेच म्हणणे वदवून घेते. उद्या कोणी नकळत त्यात बदल केला तर तो बदल तिला कळेल, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे. मूळचीच चूक असेल तर मात्र ती चूक हिरव्या रंगात कायम होते.

आणि चूक होती. सूर्योदयास जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, एवढाच नियम आज्ञावलीस ठाऊक होता. परंतु जी तिथी एका सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या सूर्योदयापूर्वी संपते, तिला सूर्योदयच मिळत नाही. तिला आपण क्षयतिथी म्हणतो. अशा वर्षी आज्ञावली दिवसामागून दिवस पाहत गेली, तिला षष्ठी कोठेच सापडली नाही, आणि अभिषेक मुकाट्याने गळाला. उलट वृद्धितिथीस दोन सूर्योदय लाभतात, तेव्हा एकाच सेवेचे दोन संदेश गेले असते. साधनाने यांवरही चाचण्या लिहिल्या होत्या! क्षयाच्या वर्षी अपेक्षित सेवा शून्य, असे त्यांत लिहिलेले होते, आणि उत्तर शून्यच येत असल्यामुळे रंग हिरवा होता.

तेव्हा आम्ही सुचविले ते असे. साधनास आज्ञावली दाखवूच नये. भटजींनी आपला निर्णय साध्या मराठीत लिहून द्यावा: क्षय आला तर सेवा कोणत्या दिवशी, वृद्धी आली तर दोहोंपैकी कोणत्या दिवशी, अधिकमासात काय करायचे. तो कागद साधनास द्यावा आणि त्यावरून प्रश्न लिहून घ्यावेत. उत्तरे मात्र छापील पंचांगांतून आणि देवालयाच्या जुन्या वह्यांतून माणसाने भरावीत. प्रमाण पंचांग कोणते, हे समितीने आधी ठरवावे. दाते आणि टिळक यांचे अयनांश भिन्न असल्यामुळे कधीकधी अधिकमासही वेगळा पडतो.

प्रश्न सुचविण्याच्या कामी मात्र या साधनाने आम्हांस चकित केले, हे कबूल केले पाहिजे. २०२३ चा अधिक श्रावण आणि २०२६ चा अधिक ज्येष्ठ (१७ मे ते १५ जून) आम्हांसही सुचले होते. १९८२-८३ चा क्षयमास त्याने काढून दिला. हैदराबादेस सूर्य पणजीपेक्षा साधारण पंधरा-वीस मिनिटे आधी उगवतो. तिथी नेमकी त्या अवधीत संपली तर तेथील कुळाव्याच्या घरची तिथी आणि देवळाची तिथी वेगळ्या, हा प्रश्नही त्याचाच. ग्वाल्हेरकडे महिना पौर्णिमेस संपतो, म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदात मोजतात. पावतीवर कोणता महिना लिहायचा? असे आडकोपऱ्यातले प्रश्न न थकता काढीत राहणे ही या यंत्राची खरी विद्या आहे. थकलेला कारकून दहाव्या प्रश्नापाशीच थांबला असता.

त्याच्या एका खोडीकडे मात्र लक्ष ठेवावे लागते. ‘सर्व चाचण्या हिरव्या कर’ अशी आज्ञा दिली, तर आज्ञावली सुधारण्याऐवजी ते कधीकधी अपेक्षित उत्तरच बदलून ठेवते, किंवा अडचणीची चाचणी वगळते. पगारी साक्षीदाराचे हे वळण आम्हांस ओळखीचे आहे. म्हणून उत्तरांचा तक्ता साधनास वाचता येईल पण त्यात लिहिता येणार नाही, अशा ठिकाणी ठेवावा. शिवाय आज्ञावलीच्या प्रतीत मुद्दाम एक दोष घालावा, उदाहरणार्थ अधिक आणि निज यांची अदलाबदल, आणि चाचण्या चालवाव्यात. एकही लाल झाली नाही, तर त्या चाचण्यांची संख्या कितीही असो, त्यांत अर्थ नाही. एकदा लिहून तपासलेली चाचणी पुढे जशीच्या तशी चालवावी. दर वेळी यंत्रास नव्याने मत विचारले तर आजचे आणि उद्याचे उत्तर सारखे येईलच असे नाही. कुळाव्यांची खरी नावे, गोत्रे आणि दूरध्वनी क्रमांक साधनास देऊ नयेत. कल्पित नावांनी काम अगदी भागते, आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केलेला आहे.

एवढा खटाटोप कशाला, असे एका ज्येष्ठ महाजनांनी विचारले. आम्ही त्यांना ब्रिटनच्या टपालखात्याची हकीकत सांगितली. तेथील ‘होरायझन’ नावाच्या हिशेबाच्या आज्ञावलीने १९९९ पासून शाखांच्या रकमेत नसलेली तूट दाखविली. यंत्र नीट चालते असे न्यायालये गृहीत धरून चालत. नऊशेहून अधिक उपटपालप्रमुख चोरी वा अफरातफर यांबद्दल दोषी ठरले. आज्ञावलीत दोष होते, असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला, आणि मे २०२४ मध्ये संसदेस कायदा करून शेकडो दोषसिद्धी रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे संगणकावरील नोंद पुराव्यात द्यायची, तर यंत्र नीट चालत होते असे प्रमाणपत्र सहीनिशी जोडावे लागते. देवस्थानाच्या निधीचा वाद उद्या न्यायालयात गेला, तर ती सही समितीतील कोणास तरी करावी लागेल, आणि कशाच्या आधारे केली हेही सांगावे लागेल.

महाजन काही बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात जुन्या वह्यांचे कपाट उघडले गेले. आता दरवर्षी नवे पंचांग हाती आले की पाडव्यापूर्वी सर्व चाचण्या एकदा चालतात. लाल आलेल्या तिथींची यादी भटजींकडे जाते. ते चष्मा पुसून एकेका ओळीसमोर निर्णय लिहितात व खाली सही करतात, आणि त्यानंतरच कुळाव्यांस संदेश सुटतात.