तिथी, तारीख आणि एक नाव

माढ्यातील आमच्या घरी दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक सर्वांघरची, एकादशी-चतुर्थ्यांची. दुसरी वसईचे आमचे कॅथलिक स्नेही दर नाताळात पाठवितात ती. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) वर्गात शिकविता शिकविता ही दुसरीही आम्ही वाचू लागलो. पंढरपूरच्या शेजारी राहणाऱ्यांना तीत परके असे थोडेच आढळते. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो. म्हणून राखेचा बुधवार २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला आला, तर २०२५ मध्ये ५ मार्चला. संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली ३ डिसेंबरला वारले, तोच त्यांचा सण. जन्माचा सोहळा येशू, मरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान या तिघांचाच. आपणही ज्ञानेश्वरांच्या समाधीची कार्तिक वद्य त्रयोदशी पाळतोच की!

आमची थोरली मुलगी नवव्या दिवशी गेली. तान्ह्या बाळाचे श्राद्ध नसते, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. पुढे धाकट्याचे वाढदिवस, नोकरीतला कायमपणा, घराची वास्तुशांत, सारे त्या पानांवर नोंदले गेले. तिची नोंद कुठेच झाली नाही. स्नेह्यांना हे कळल्यापासून २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ते आपल्या आईच्या कबरीवर एक मेणबत्ती अधिक लावतात. गेल्या वर्षी त्यांनी दूरध्वनीवर विचारले, “प्रार्थनेत नाव काय घेऊ?”

बारसे झालेच नव्हते. आम्ही दोघे त्या रात्री उशिरापर्यंत बसलो आणि सकाळी त्यांना एक नाव कळविले.