अक्काचं मत



निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की मला अक्का आठवते. माझी थोरली बहीण, ऐंशी पार केलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण मत एकदाही चुकवलेलं नाही.

२० मे २०२४ ला आमच्या दिंडोरी लोकसभेचं मतदान होतं. चांदवड त्यातच येतं. आदल्या रात्री अक्काने विचारलं, "बापू, भगरे सरांचं चित्र कोणतं रे?" मी पेपर वाचता वाचता म्हणालो, "तुतारी." झालं! मास्तरकी केली आणि अर्धाच धडा शिकवला.

केंद्रातून बाहेर आल्यावर ती खुशीत म्हणाली, "दाबलं बरं का! नुसती तुतारीच होती, ठसठशीत."

माझ्या पोटात गोळा आला. भास्कर भगरे यांचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. नुसती 'तुतारी' होती अपक्ष बाबू सदू भगरे यांची. आडनावही तेच! मी गप्प बसलो.

४ जूनला निकाल लागला. भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले आणि बाबू भगरे यांना मतं पडली १,०३,६३२. त्यातली मनापासून किती आणि चुकून किती, कोण सांगणार? साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले, आणि तिथल्या तुतारीवाल्या अपक्षाला त्याहून जास्त मतं होती. 

शिकलेल्यांच्या देशातही हे घडलंय बरं. २००० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात अध्यक्षपदाचा फैसला साठेक लाख मतांत अवघ्या ५३७ मतांनी झाला. तिथल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधे. बुकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली. बरीचशी आपली नसावीत, असं ते स्वतःच म्हणाले!

नोकरीत असताना मी मतमोजणीला बसायचो. शिक्का नेमका दोन नावांच्या मधे पडला की मत बाद. तेव्हा मी सहज म्हणायचो, "काय अडाणी लोक!" त्या शिक्क्यामागे कुणाची तरी अक्का असेल, हे कधी मनात आलं नाही. तिला कुणी अर्धवट सांगितलं असेल, हे तर नाहीच.

शेवटी दिवाळीत मी अक्काला खरं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. बराच वेळ वाती वळत राहिली.

नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं. मी या वेळी नमुना मतपत्रिकाच घेऊन बसलो, सगळं नीट समजावून सांगायला. अक्काने चष्मा पुसला आणि कागद माझ्या हातातून घेतला.

"तू राहू दे. माझं मी बघते."

अर्धा तास एकेक चित्र बोटाने चाचपत होती. मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

असो.