करड्या दगडातले तांबे

तांबे म्हटले की आपल्याला देवघरातले पळी-पंचपात्र आठवते. आपल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी, ते खडकात आहे. गेल्या उन्हाळ्यात मंडळातली आम्ही चार कुटुंबे तिकडे गेलो होतो. हॉटनच्या खनिज संग्रहालयात शुद्ध तांब्याचे मोठमोठे तुकडे पाहून मुले हरखली. दुसऱ्या दिवशी प्रेस्क आइल नदीच्या पात्रातला करडा 'नॉनसच शेल' दाखवला, तर कुणी ढुंकूनही पाहिले नाही! म्हणून त्याच्याविषयी हे चार शब्द.

हा शेल म्हणजे सुमारे १०८ कोटी वर्षांपूर्वी पाण्याखाली साचलेला गाळ. त्याच्या खाली वाळू-गोट्यांचा लालसर खडक आहे. तो लाल रंग गंजलेल्या लोहाचा. त्या खडकातून खारे पाणी विरघळलेले तांबे घेऊन वर सरकले. वरच्या काळपट गाळात सेंद्रिय द्रव्य होते आणि पायराइट, म्हणजे लोह व गंधक. तिथे लोहाने गंधकाची साथ सोडली, तांब्याने ती धरली आणि चाल्कोसाइट हे खनिज तयार झाले. आम्हां रसायनवाल्यांना ही क्रिया ओळखीची, फक्त इथली परीक्षानळी कित्येक मैल लांब!

म्हणून अशा ठिकाणी भूवैज्ञानिक चमकणारे तांबे शोधत बसत नाहीत. लाल खडक संपून काळपट कुठे सुरू होतो, ते पाहतात. जमिनीत भोके पाडून दगडाच्या लांब कांड्या काढतात. त्यांत खाली चाल्कोसाइट आणि वर पायराइट दिसले, की तांबे कुठवर चढले ते कळते.

जवळच्या व्हाइट पाइन गावात याच शेलमधली खाण १९५० च्या दशकात सुरू झाली. शंभर किलो दगडात तांबे जेमतेम किलोभर. १९९५ मध्ये खाण बंद पडली. उरलेले तांबे जमिनीखालीच सल्फ्युरिक आम्लात विरघळवून काढायचा बेत होता. १९९६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बॅड रिव्हरच्या ओजिब्वे लोकांनी आपल्या हद्दीत रूळ अडवून आम्लाच्या गाड्या रोखल्या. पुढे तो बेत सोडून द्यावा लागला.

यावरून रात्री आमच्यात चांगलीच जुंपली. गावाची रोजीरोटी गेली, हे खरे. आम्लात तांबे विरघळते, हेही खरे. पण आम्लाची गाडी ज्यांच्या नद्यांवरून जाणार, त्यांना आधी विचारायला हवे, हे कुठल्याच समीकरणात लिहिलेले नसते. शेवटी आमचे एवढ्यावर एकमत झाले.

तिकडे गेलात तर मुलांना तो करडा दगड जरूर दाखवा. हातोडी मात्र घरीच ठेवा. उद्यानातला दगड फोडायला मनाई आहे.