दोन तास ऐसपैस

विमान सुटायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर एक निरोप येतो. पुढच्या वर्गात बसायची इच्छा असेल तर बोली लावा. खाली एक अर्धगोल आणि त्यात काटा. रक्कम वाढवत नेली की काटा लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात सरकतो आणि आपली आशा कमी, बरी, उत्तम अशी चढत जाते. आयुष्यभर आपण घासाघीस केली ती भाव खाली आणायला. दादरच्या मंडईत निम्म्यापासून सुरुवात करणारी माणसं आपण. इथे दुकानदार दिसत नाही, दुसरं गिऱ्हाईक दिसत नाही, आणि आपणच आपला भाव चढवत बसतो. मी काट्याला हिरव्यात जाऊ देत नाही. पिवळ्यात ठेवतो आणि झोपतो. सकाळी कधी पैसे कापल्याचा निरोप असतो, कधी दिलगिरीचा. कधी यातलं काहीच नसतं, पण विमानतळावर बॅग वजनकाट्यावर ठेवली की काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत, आवाज जरा खाली आणून म्हणते, “सर, बिझनेसमध्ये दोन जागा आहेत. आज ऑफर आहे.” त्या आवाजातली खासगी जवळीक मला आवडते. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनाही ती हेच सांगणार, हे ठाऊक असूनही.

मुंबई ते दिल्ली साडेअकराशे किलोमीटर. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत पावणेदोन तास, फार तर दोन. मुलगी तिकडे असल्यामुळे आमचं जाणं-येणं असतं. “अहो, दोन तासांत असं काय बसणार आहात तुम्ही?” हा हिचा प्रश्न, आणि तो बिनतोड आहे. अमेरिकेला जाताना पाठ टेकून झोपायला मिळावं म्हणून कुणी पैसे मोजले तर समजू शकतं. इथे तर झोप लागायच्या आत उठवतात. ही स्वतः मागे खिडकीजवळ बसते, पर्समधून चिवड्याची पुडी काढते आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे अगदी सुखात असते. मी मात्र चार हजारांच्या आत जमत असेल तर पुढे जातो. बँकेत हयात घालवलेला माणूस असल्यामुळे जाताना भागाकारही करतो : चार हजार भागिले एकशे पाच मिनिटं, म्हणजे मिनिटाला अडतीस रुपये. यात सरकारचाही वाटा आला. मागच्या वर्गाच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी आणि पुढच्यावर, सप्टेंबर २०२५ पासून, अठरा. त्याआधी बारा होता. सरकारच्या हिशेबी मी त्या दोन तासांपुरता चैनीच्या मालात मोडतो.

कारण विचारलं तर मी गुडघे पुढे करतो. ते खरंच दुखतात. आपल्याकडच्या विमानांत मागच्या वर्गात दोन रांगांमधलं अंतर साधारण अठ्ठावीस ते तीस इंच असतं, पुढे अडतीस-चाळीसच्या घरात जातं. डाव्या-उजव्या बाजूला तीन-तीनऐवजी दोन-दोन खुर्च्या, म्हणजे मधली नावाची जागाच नाही. मधल्या जागेवरचा माणूस हा आपल्या समाजातला सर्वांत दुर्लक्षित घटक असावा. त्याला ना खिडकी, ना वाट, आणि दोन्ही कोपरदांड्यांवर शेजाऱ्यांनी आधीच कब्जा केलेला.

पण गुडघ्यांची ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. फ्रान्समध्ये ज्यूल द्युपुई नावाचे एक अभियंते होते. रस्ते-पूल बांधता बांधता ते अर्थशास्त्राकडे वळले. त्या काळी तिथे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे काही डबे बिनछपराचे असत आणि बाकं नुसत्या लाकडाची. लोक म्हणत, कंपन्या कंजूष. द्युपुईंनी १८४९ मध्ये लिहिलं की छपराला असे कितीसे पैसे लागतात! छप्पर घालत नाहीत ते गरिबाला भिजवण्यासाठी नाही, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसायची हिंमत करू नये म्हणून. मार गरिबाला, धाक पैसेवाल्याला. हे वाचल्यापासून मी मागच्या वर्गात बसलो की समोरच्या सीटच्या पाठीकडे आदराने बघतो. ती माझ्या गुडघ्याला जिथे टोचते ना, तिथेच पुढच्या वर्गाची जाहिरात छापलेली आहे. त्यासाठी कागद लागत नाही.

दुसरी बाजू नाशवंत मालाची. विमानाचं दार लागलं की रिकामी खुर्ची कायमची वाया गेली. ती उद्या विकता येत नाही. रात्री नऊनंतर स्टेशनबाहेरची गजरेवाली दहाला दोन म्हणू लागते, तसंच हे. फरक इतकाच की गजरेवाली तोंड बघून भाव सांगते आणि विमान कंपनीकडे त्याचं गणित असतं. त्या गणिताला नावारूपाला आणलं अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, स्वस्त कंपन्या उतरल्या, आणि एकाच विमानातली प्रत्येक खुर्ची वेगळ्या भावाला, वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाला कशी विकायची याचं शास्त्रच त्यांच्या संगणकांनी उभं केलं. हेच क्रँडल प्रवाशांच्या सॅलडमधलं एकेक ऑलिव्ह कमी करून वर्षाला हजारो डॉलर वाचवणारे म्हणूनही प्रसिद्ध आहेत. माझ्या चार हजारांमागे त्यांचा हात आहे, असं मी हिला सांगून पाहिलं. तिने चिवड्याची पुडी पुढे केली.

मला सर्वांत गंमत वाटते ती या वर्गाच्या जन्माची. पूर्वी पहिला वर्ग आणि साधा वर्ग, एवढेच दोन. सत्तरच्या दशकात साध्या वर्गात सवलतीची तिकिटं भराभर विकली जाऊ लागली, आणि कामासाठी पूर्ण भाडं भरून जाणारी मंडळी कुरकुरू लागली : आम्ही एवढे पैसे मोजायचे आणि शेजारी कोण, तर निम्म्या भाड्यातला सहलवाला! म्हणून त्यांना वेगळं बसवायची टूम निघाली. पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, पाठोपाठ १९७९ मध्ये क्वांटास. थोडक्यात, सवलतवाल्यांपासून लांब बसता यावं म्हणून हा वर्ग निघाला. त्यात आज मी बसतो, सवलतीत.

शेजारी बसणाऱ्याला हे माहीत नसतं. तो बहुधा चाळिशीतला, कंपनीच्या खर्चाने चाललेला. गरम टॉवेल येतो तेव्हा मी तो उलगडून हात, मनगटं, मान, असं सगळं साग्रसंगीत पुसतो. तो डोळेही उघडत नाही. उपमा चिनी मातीच्या बशीत येतो, काटा-चमचा धातूचा. तोही तो नाकारतो. या वर्गातला खरा माणूस ओळखायची ही खूण : तो काहीच घेत नाही. पैसे दिलेला मी मात्र रस घेतो, मग कॉफी घेतो, मग पांघरूण मागवतो, नको असताना.

आमच्या पिढीला बसायची जागा हुद्द्याने मिळायची. सरकारी नोकरीत तर अजूनही तसंच आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रात लेव्हल १४ आणि वरच्यांना विमानात बिझनेस, खालच्यांपैकी ज्यांना विमान मिळतं त्यांना मागचा वर्ग. आमच्या बँकेतही कोण कशाने जाणार हे पदावर ठरायचं, आणि बढतीचा पहिला आनंद पगारापेक्षा रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या पासचा असायचा. डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तेव्हा तिला तिसरा वर्ग नव्हताच. तो जोडायला स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं जावी लागली, १९५५ उजाडलं. पुढे १९७४ मध्ये रेल्वेने अख्ख्या देशातला तिसरा वर्गच रद्द केला, म्हणजे त्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली. बाकं तीच. मुंबईकराला तर या विषयात कुणी शिकवायला नको. लोकलचा पहिला वर्ग हा त्याच गाडीला, त्याच रुळांवर, त्याच गर्दीत, त्याच मिनिटाला चर्चगेटला पोचतो, आणि तरी माणसं पिढ्यानपिढ्या त्याचा पास काढत आली. मे २०२२ मध्ये त्याचं एकेरी तिकीट निम्म्यावर आलं तेव्हा जुने पासवाले हळहळले होते. स्वस्ताईने त्यांचं नुकसान काहीच झालं नव्हतं, पण डब्यात नवीन माणसं आली होती.

विमानाचंही तसंच. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली, एक रुपयाची तिकिटं निघाली, आणि ज्यांच्या घरात कुणी विमानतळाचा आतला भाग बघितला नव्हता अशी कुटुंबं वळकट्या सोडून विमानाने जाऊ लागली. त्यांतलेच आम्ही. त्या काळी सगळे एकाच वर्गात आणि पाणीही विकत. इंडिगोनेही वर्षानुवर्षं हाच एकवर्गीय बाणा जपला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर पुढे रुंद खुर्च्यांचा वर्ग काढला. विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तीही त्याच आठवड्यात. वीस वर्षांत आम्ही सवलतीने विमानात शिरलो आणि आता सवलतीने पडद्याच्या अलीकडे सरकतो आहोत. कंपन्यांना आमची चढण आमच्या आधी कळली असावी.

या सगळ्याची खरी किंमत मात्र चार हजारांत धरलेली नसते. ती विमानात माणसं चढताना चुकवावी लागते. पुढच्या वर्गाला आधी आत घेतात हा मान समजायचा, पण लहान विमानात दार पुढेच असतं, त्यामुळे मागचे सगळे प्रवासी आपल्या खुर्चीला घासून जातात. बॅगा, बाळं, मिठाईचे खोके, आणि प्रत्येकाची एक नजर. ती नजर रागाची नसते. राग परवडला असता. ती हिशेबी असते. हा माणूस कोण असावा याचा अंदाज घेणारी. मी सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड काढून अतिशय एकाग्रतेने वाचतो. विमान पाण्यात उतरलं तर काय करायचं हे मला आता बऱ्यापैकी पाठ आहे. जाणती माणसं शेवटी चढतात, हे मागाहून लक्षात आलं. पण आधी आत जायचे पैसे दिलेले असताना शेवटी चढायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

एकदा ही रांग मध्येच तुंबली आणि माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी उभ्या राहिल्या. खुर्ची त्यांनी हाताने दाबून पाहिली.

“याचे जास्त पडतात का हो?”

“पडतात थोडे.”

“मग लवकर पोचता?”

“नाही, तुमच्याबरोबरच.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “बरं, मग बसा निवांत,” म्हणाल्या आणि रांगेबरोबर पुढे गेल्या. पुढच्या वर्गाचं यापेक्षा अचूक मूल्यमापन मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

युरोपात तर एवढंही नसतं. माझा पुतण्या फ्रँकफुर्टला असतो. तो सांगतो, “काका, इथे तासा-दीड तासाच्या विमानांत खुर्च्या सगळ्या सारख्याच, पुढेही तीनच. फक्त मधली रिकामी ठेवतात.” दोन वर्गांमधला पडदा दांडीवर असतो आणि तिकिटं जशी खपतील तसा तो रांगेरांगेने पुढेमागे सरकवतात. काल जी अकरावी रांग साधी होती ती आज बिझनेस. तिथला माणूस पैसे देतो ते शेजारी कुणी न बसण्याचे. मला हे ऐकून आधी हसू आलं. मग विरार लोकल आठवली, आणि शेजारी कुणी न बसण्याला किती पैसे द्यायला आपण तयार असतो याचा विचार करून गप्प बसलो.

गोव्याला जाताना मात्र मी हा प्रकार करत नाही. मुंबई-गोवा जेमतेम पन्नास मिनिटं हवेत. रस हातात येतो तोवर उतरायची सूचना होते. तिथे मिनिटाचा भाव शंभरीकडे जातो आणि तो मला झेपत नाही. पैशांनी नव्हे, मनाने. दिल्लीची गोष्ट निराळी. परतताना मुंबईचं आकाश तुंबलेलं असतं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि संध्याकाळी विमानं एकावर एक घिरट्या घालत थांबतात. कॅप्टन सांगतो, आणखी वीस मिनिटं. पडद्यामागून मोठा सामुदायिक उसासा येतो. त्या उसाशात ही असते, हे मला माहीत असतं. आणि तरी माझ्या पोटात एक लहानशी, लाजिरवाणी उकळी फुटते. पोचायचं सगळ्यांना एकाच वेळी असतं; पण लांबलेला वेळ फक्त आम्हा पुढच्यांनाच फुकट मिळतो. पंधरा-वीस मिनिटांत अडतीसचा भाव बत्तिसावर येतो. शेजारच्या चाळिशीतल्याने डोळे उघडून घड्याळ पाहिलेलं असतं. त्याची मीटिंग असते. माझी नसते. या वर्गात निवृत्त माणसाला मिळणारा हा एकमेव लाभ, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नाही.

म्हणून आता मी बोली लावतो ती ऋतू बघून. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं आणि सकाळची विमानं प्रवासी भरून, दार लावून, जागच्या जागी उभी राहतात. अशाच एका जानेवारीच्या सकाळी काटा हिरव्याच्या अगदी कडेपर्यंत नेऊन ठेवला होता. जागा मिळाली. खिडकीबाहेर शेजारच्या विमानाची शेपटीही दिसत नव्हती. पहिल्या तासानंतर कॅप्टनने माफी मागितली, दुसऱ्यानंतर पुन्हा. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुणी हवाई सुंदरीला भांडून विचारत होतं की नक्की किती वाजता. मी पाय लांब केले होते. एकूण पावणेतीन तास उशीर झाला. विमान सुटलं तेव्हा माझा मिनिटाचा भाव पंधरा रुपयांच्या खाली ठरला होता, आणि हवाई सुंदरी विचारत होती, सर, आणखी एक कॉफी?