शिक्षण : शून्य वर्षं

क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजीत पीएच.डी. करतेय असं सांगितलं की आमच्या गावात, सुर्ल्यात, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे बांबोळीला?" बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मनोरुग्णांचं इस्पितळही. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'आल्तिनो' आहे, कारण पूर्वी हे इस्पितळ पणजीच्या आल्तिनोवर होतं. त्याला आबे फारियाचं नाव होतं. 1756 साली कांदोळीत जन्मलेला आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला हा पाद्री. गोव्यात मनाविषयी कुठलंही भाषण त्याच्या नावाशिवाय सुरू होत नाही. पणजीतल्या त्याच्या पुतळ्याजवळून बस गेली की आई मला हमखास कोपराने ढोसते.

मी काय करते ते आईला एकदा असं सांगितलं होतं : मेंदूत इजा कुठे झाली हे एमआरआय दाखवतो, त्या इजेने माणसाचं नेमकं काय अडलं ते मोजणं हे आमचं काम. पक्षाघात, अपघात, अपस्मार, स्मृतिभ्रंश यांत लक्ष, स्मरण, भाषा, नियोजन यांपैकी काय शाबूत आहे आणि काय गेलं, ते चाचण्या घेऊन ठरवायचं. आई म्हणाली, "म्हणजे परीक्षाच घेतेस." हो, परीक्षाच.

इथवर यायचा रस्ता लांबलचक आहे. एम.ए., मग रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यतेची दोन वर्षांची एम.फिल., मग नेट, मग पीएच.डी.ची मुलाखत. मधल्या काळात यूजीसीने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती मुदत 2025-26 पर्यंत वाढवली. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवसांत मेंदूपेक्षा परिपत्रकांचीच चर्चा जास्त होती. त्यावर अधिक लिहीत नाही; कंटाळवाणं आहे आणि रक्तदाब वाढतो.

माझा विषय मला वाड्यावरच मिळाला. शेजारच्या एका काकूंना विसरायला होतं म्हणून मुलाने त्यांना शहरातल्या एका इस्पितळात नेलं होतं. रिपोर्ट माझ्याकडे वाचायला आणला. प्रत्येक चाचणीत गुण तळाला, निष्कर्ष 'मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश'. या काकू गुरांचं दूध सोसायटीत घालत, कोणाचे किती लिटर आणि किती पैसे राहिले ते तोंडपाठ सांगत, काजूच्या दिवसांत मजुरांचा हिशेबही त्याच ठेवत. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ होती : 'शिक्षण : शून्य वर्षं'. गुण काढताना मात्र ती ओळ कोणी विचारात घेतलेली दिसली नाही.

आमच्या शास्त्रात नुसत्या गुणांना अर्थ नसतो. पंधरापैकी सात शब्द आठवले, हे चांगलं की वाईट? ते ठरतं त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या निरोगी माणसांना किती आठवतात यावरून. त्यांच्या गुणांचे तक्ते म्हणजे नॉर्म्स. बंगळुरूच्या निम्हान्सने 2004 मध्ये आपली चाचण्यांची बॅटरी छापली, त्यात वय, लिंग आणि शिक्षणाप्रमाणे तक्ते आहेत, पण वय 16 ते 65. आयसीएमआरने पुढे मोठा संच तयार केला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. सुर्ल्यातल्या 74 वर्षांच्या, घरात कोंकणी बोलणाऱ्या, देवळात मराठी आरती म्हणणाऱ्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या शेजारी उभं करायला मला कुणीच मिळेना. मग ती माणसं आपणच गोळा करायची, असं ठरलं. बिघडलेले मेंदू अभ्यासायला मी या क्षेत्रात आले होते. पीएच.डी.चा बहुतेक काळ गेला तो गावातल्या धडधाकट माणसांच्या सोप्यावर बसून.

वाट अगदीच कोरी नव्हती. हरयाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली होती. मूळ इंग्रजी चाचणीत 'डोळे मिटा' असं कागदावर वाचून तसं करायचं असतं; त्यांनी तिथे तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तो करील तसं करायला सांगितलं. त्याच्याही आधी, 1931-32 मध्ये, सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. उत्तरेकडच्या बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेला आहे, तर तिथलं अस्वल कुठल्या रंगाचं? शेतकऱ्यांनी सांगितलं की आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल बोलत नाही. लुरियाला हे साहित्य छापायला 1974 उजाडलं.

मला सर्वांत उपयोगी पडला तो मात्र पोर्तुगालचा अभ्यास. कास्त्रो-काल्दास आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दक्षिण पोर्तुगालमधल्या निरक्षर बायकांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्या भागात थोरल्या मुलीला घरकामाला ठेवायची आणि धाकट्यांना शाळेत घालायची रीत होती, त्यामुळे एकाच घरात, एकाच परिस्थितीत वाढलेल्या बायकांत शाळेचा तेवढा फरक मिळाला. खरे शब्द ऐकून परत म्हणायला दोन्ही गट बरोबरीचे. अर्थ नसलेले बनावट शब्द आले की निरक्षर बायका अडखळत, आणि मेंदूचे भागही वेगळे उजळत. म्हणजे अक्षरओळख ही नुसती माहितीची भर नव्हे, ऐकलेल्या आवाजाची फोड करायची रीतच ती बदलते.

हे वाचताना मला आमचं गाव दिसायला लागलं. 1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तोवर थोरली बहीण दहा-बारा वर्षांची होऊन शेणगोठ्याला लागलेली. धाकटी पाटी घेऊन शाळेत गेली. डिचोली तालुक्यात अशा बहिणींच्या जोड्या घरोघरी निघतात. अर्ध्या लग्न होऊन मये, पाळी, नार्वे, आमोणेला गेल्या, पण चतुर्थीला हमखास माहेरी येतात. माझं फील्डवर्कचं वेळापत्रक विद्यापीठाने नव्हे, चतुर्थीने आखलं.

नैतिकता समितीने संमतिपत्रावर सही किंवा अंगठा मागितला होता. खाणीच्या गावात कागदावर सही म्हणजे काय ते समितीला कोणी सांगावं? "खाणीचो कागद न्हय मगो?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आला. जमिनी, नुकसानभरपाई, ना-हरकत दाखले, सगळ्याला सह्याच लागल्या होत्या. एका आजीने तर अंगठा पदराआड लपवला आणि मुलगा कामावरून येईपर्यंत बाहेर काढला नाही. मला चहा मात्र दिला.

मग शिक्षणाचा रकाना. शाळेत न गेलेल्या बाईचं शून्य लिहिणं सोपं. पण पोर्तुगीज काळात कुणाच्या तरी माडीवर शेणवी मास्तरांकडे बाराखडी आणि उजळणी शिकलेले आजोबा? त्यांच्याकडे दाखला नाही, इयत्ता नाही, किती पावसाळे गेले तेही धड आठवत नाही. पण रोजचा पेपर सुटत नाही. अशांसाठी मी वेगळा गट केला, आणि दर सहामाही आढाव्याला कुणीतरी विचारलंच की हे काय नवीन काढलंत.

मॅन्युअल म्हणतं, चाचणी शांत खोलीत, एकट्याने घ्यावी. 2018 च्या मार्चपासून खाणी बंद होत्या, ट्रक अंगणांत गंजत पडले होते, त्यामुळे एरवी शांतता भरपूर. लिलावातल्या खनिजाची वाहतूक निघाली की मात्र रस्त्यावर लाल धूळ आणि हॉर्न, आणि शब्दांची यादी पुन्हा पहिल्यापासून. एकटं तर कुणीच नसे. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचायची, दर वेळी आठवतील तेवढे शब्द सांगायचे, वीस मिनिटांनी पुन्हा विचारायचं. तोवर दारातला नातू, चुलीजवळची सून आणि लसूण सोलायला आलेली शेजारीण या सगळ्यांची यादी पाठ झालेली. "आजये, कुराड रावली!" असं नातू ओरडला की ते पान बाद.

एका घरातली दुपार लिहूनच ठेवते. रे यांची गुंतागुंतीची आकृती : चौकोन, कर्ण, त्रिकोण, एका बाजूला तीन टिंबांचं वर्तुळ; 18 भाग, प्रत्येकी 2 गुण, एकूण 36. समोर ठेवून कागदावर जशीच्या तशी काढायची. सत्तरी ओलांडलेल्या आजींनी पेन्सिल मुठीत धरली, विळा धरावा तशी. रेघा वाकड्या, भाग एकमेकांपासून सुटलेले. गुण 9. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तूं म्हाका पिशी समजता?" आणि उठून अंगणात गेल्या. तुळशीपुढच्या सारवलेल्या जागेत त्यांनी आधी ठिपके घातले, आकृतीचा कागद सुनेला धरायला लावला, आणि चिमटीतून रांगोळी सोडत गेल्या. चौकोन नेमका, कर्ण बरोबर मधोमध छेदलेले, त्रिकोण जागच्या जागी. वर्तुळ आलं, त्यात तीन टिंबं आली. मग दुसऱ्या बाजूलाही त्यांनी तसंच वर्तुळ काढलं. मूळ आकृतीत ते नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, एका अंगाला टाकून दुसरं अंग मोकळं ठेवायला ही काय पोरांची रेघोट्यांची पाटी आहे?

मार्गदर्शकांना फोटो पाठवला. उत्तर आलं : गुण 9च लिही, फोटो परिशिष्टात घाल. त्यांचं बरोबर होतं. त्या अंगणात दिसलं ते हाताचं आणि माध्यमाचं प्रकरण होतं. जोडीला, आकृती कशी असावी याविषयीचं ठाम मतही. गुण बदलून ते मोजता आलं नसतं. शून्य शिक्षणाच्या रांगेत 9 आणि त्याच्या आसपासचेच गुण दिसत गेले, तेव्हा 9 म्हणजे आजार नव्हे हे आकड्यांनीच सांगितलं. आजींची धाकटी बहीण, चौथी पास, त्याच कागदावर सहज दुपटीवर गेली. गोष्ट ऐकून सांगायच्या चाचणीत मात्र दोघी जवळजवळ बरोबरीने आल्या, आणि थोरलीने गोष्टीतल्या नवऱ्याची चूक कुठे झाली तेही जाता जाता सांगितलं. त्याला गुण नाहीत.

हे वाचून कुणाला वाटेल की गावातली अडाणी माणसं शहाणी आणि चाचण्या खुळ्या. तसं नाही, आणि तसं लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो. "वय झालं, एवढं चालायचंच" म्हणून घरच्यांनी सोडून दिलेल्या एका आजींना पाचव्या वाचनानंतरही पहिल्याइतकेच शब्द येत होते, आणि वीस मिनिटांनी एकही नाही. यादी वाचली होती हेच त्यांना आठवेना. शून्य शिक्षणाच्या आमच्या तक्त्यातही त्या पंधराव्या शततमकाच्या कितीतरी खाली होत्या. त्यांना मी न्यूरॉलॉजीची चिठ्ठी दिली. तक्ता नसता तर काकूंसारखीच त्यांच्याबद्दलही पंचाईत : एकीला नसलेला आजार चिकटवायचा, दुसरीचा असलेला सोडून द्यायचा.

प्रबंधाचं दुसरं अंग डोक्याला मार लागलेल्यांचं. आमच्याकडे ते बहुधा ट्रक ड्रायव्हर आणि खाणीवरची माणसं, आणि अपघात बहुधा रात्री घरी परतताना मोटारसायकलचे. यांतल्या एकाची (तपशील बदलले आहेत) गंमत अशी की कागदावर तो जवळपास ठीक होता. स्मरण बरं, अंक उलटे म्हणायला बरा, रंगांच्या चाचणीतही पास. घरात मात्र सगळा बट्ट्याबोळ. हा प्रकार लंडनमध्ये शॅलिस आणि बर्जेस यांनी 1991 मध्ये दाखवून दिला होता : मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले तीन रुग्ण चाचण्यांत चांगले, पण बाजारात चार कामं करायला सोडलं की घोटाळा. ती चाचणी मी साखळीच्या सोमवारच्या बाजारात नेली. ठराविक वस्तू, ठराविक पैसे. एका दुकानात दोनदा जायचं नाही. डिचोलीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून यायचं. मी वही घेऊन चार पावलं मागे.

यादी त्याला पाठ होती. थांबवून विचारलं तेव्हा नियमासकट घडाघडा म्हणून दाखवली. पण कांदे स्वस्त दिसले म्हणून पिशवीभर घेतले, सुक्या मासळीवाल्या बाईकडे दोनदा गेला, टायरच्या दुकानात ओळखीचा भेटला तिथे रमला, बसची वेळ राहिलीच. मिरच्यांना पैसे उरले नाहीत. आपण काही चुकवलंय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

घरी त्याच्या बायकोला मी समजावून सांगितलं : काय करायचं ते त्यांना माहीत असतं, ते वेळेवर करवून घेणारा भाग दुखावला आहे, हा आळस नव्हे, दारूही नव्हे. तिने कांद्यांची पिशवी कोपऱ्यात रिकामी केली आणि म्हणाली, "हें हांव केन्नाचें सांगतां, बाय. ते खातीर तुका पीएच.डी. करची पडली?"

तिचं म्हणणं प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात घेतलं आहे, नावाशिवाय. समितीचा तसा नियम आहे.